फ्लाय-रॉड : थोडक्या पैशात काठी कशी निवडावी



अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत मासे धरण्याच्या काठीला पाट मिळाला, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. याचे श्रेय म्हणा, दोष म्हणा, एका तरुण श्रोत्याकडे जातो. मागच्या वर्षी मी येथे हिमालयातील नद्यांवर बोललो होतो आणि ओघाओघात ट्राउट नावाच्या माशाचा व तो धरण्याच्या ‘फ्लाय-फिशिंग’ या पद्धतीचा उल्लेख केला होता. व्याख्यान संपल्यावर नगरपालिकेत कारकून असलेल्या एका तरुणाने मला जिन्यात गाठले. म्हणाला, “सर, मला हे शिकायचंय. पण दुकानात विचारलं तर नुसत्या काठीचीच किंमत माझ्या महिन्याच्या पगाराएवढी सांगितली. माझ्यासारख्यानं नाद सोडावा, की काही मार्ग आहे?” मी त्याला जिन्यातल्या जिन्यात काहीतरी उत्तर दिले, पण ते अपुरे होते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम एक कबुली. हा उपदेश करण्याचा अधिकार मला शहाणपणाने नव्हे, फसगतीने मिळालेला आहे. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर मी एका मोठ्या शहरातील दुकानात गेलो (नाव सांगत नाही) आणि तेथली सर्वांत महाग काठी घेतली. पहिल्यापासून चांगलीच वस्तू घ्यावी, म्हणजे पुन्हा खर्च नको, असा मध्यमवर्गीय हिशेब. दोरी दुकानदाराकडे जी शिल्लक होती ती त्याने दिली. काठीवर आठ हा आकडा छापलेला होता आणि दोरीच्या वेष्टनावर पाच. मी तीस वर्षे मुलांना पदार्थविज्ञान शिकवले, पण हे दोन आकडे ताडून पाहण्याचे मला सुचले नाही. पुढे कुलू जिल्ह्यातील तीर्थन नदीच्या काठी मी दोन दिवस हात मोडेपर्यंत काठी झोडपली. दोरी कधी पाठीवर पडे, कधी टोपीवर, कधी मागच्या झाडावर. पाण्यावर मात्र क्वचित. आपल्या अंगात हे कसबच नाही, आता वय झाले, अशी माझी खात्री होत चालली होती.

तिसऱ्या दिवशी गावातला एक पोरगा आला. त्याच्या हातात जुनी, दोन ठिकाणी दोरा गुंडाळून डागडुजी केलेली काठी. त्याने माझी काठी घेतली, दोनदा हलविली, मुठीवरचा आकडा वाचला आणि दोरीकडे बघून म्हणाला, “मास्टरजी, छड़ी आठ नंबर की, डोर पाँच की. यह डोर इस छड़ी को जगाएगी ही नहीं.” मग त्याने आपली काठी माझ्या हातात दिली. तासाभरात माझी दोरी पाण्यावर पडू लागली, आणि दुपारी वीतभर लांबीची एक ब्राउन ट्राउट मिळाली. ती आम्ही पुन्हा पाण्यात सोडली. त्या महागड्या काठीची किंमत मी घरी निम्मीच सांगितली होती. आज घरची मंडळी पहिल्याच रांगेत बसली आहेत, तेव्हा त्याचेही प्रायश्चित्त येथेच होऊन जाईल.

आता ‘जागविणे’ म्हणजे काय ते पाहू. कारण सगळी गोम तेथे आहे. आपल्या नेहमीच्या गळाला आमिष असते, शिसे असते. कोकणात गरवायला बसणारा माणूस फेकतो ते वजन. दोरा त्याच्यामागून ओढला जातो. दगडाला सुतळी बांधून दगड भिरकावावा तसा हा प्रकार. फ्लाय-फिशिंगमध्ये गळावर पिसे, केस आणि दोरा बांधून एक खोटी माशी केलेली असते. (मराठीत माशीने मासा धरावा लागतो, ही भाषेची गंमत आहे, तिला माझा इलाज नाही.) या माशीला वजन जवळजवळ नसतेच. शेवरीचा कापूस जोराने फेकून पाहा. जितका जोर लावाल तितका तो पायापाशी पडेल. तेव्हा येथे फेकावयाची असते ती दोरी. दोरी जाड, वजनदार आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. पोतराजाचा आसूड आठवा. मुठीपाशी दिलेला झटका निमुळत्या वादीतून शेवटपर्यंत पोचतो. तसाच काठीचा झटका दोरीतून पुढे सरकतो आणि अखेरीस माशीला अलगद पाण्यावर ठेवतो.

काठीचे काम काय? ती एक लांब स्प्रिंग आहे. दोरी मागे उलगडली की तिच्या वजनाने काठी वाकते. पुढे आणून एकदम थांबविली की काठी सरळ होते आणि दोरीला पुढे ढकलते. वजन पुरेसे नसेल तर काठी वाकतच नाही, ती निजलेलीच राहते. फाजील असेल तर ती लचकत राहते आणि दोरी ढेपाळते. म्हणून अमुक काठीला अमुक वजनाची दोरी, हे लग्न आधीच ठरलेले असते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मासेमारीची साधने करणाऱ्यांच्या संघटनेने त्याचे आकडे बांधून दिले. दोरीच्या पुढच्या तीस फुटांचे वजन किती ग्रेन, त्यावरून तिचा क्रमांक. क्रमांक चार म्हणजे १२० ग्रेन, पाच म्हणजे १४०, सहा म्हणजे १६०, आठ म्हणजे २१०. आपला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे पाच क्रमांकाची तीस फूट दोरी पाऊण तोळ्याहून जेमतेम पाच ग्रेन जास्त भरते, आणि आठ क्रमांकाची तोळ्याच्या वर तीस ग्रेन. माझ्या काठीला हवे होते त्याच्या दोन-तृतीयांशच वजन मी तिच्या शेंड्याला बांधले होते. एवढ्या एका चुकीने माणूस स्वतःला नालायक समजून घरी परत जातो, आणि काठी माळ्यावर जाते. स्वस्त काठीने इतके नुकसान होत नाही. न जुळणाऱ्या काठीने होते.

त्यामुळे दुकानात शिरण्यापूर्वी पहिला प्रश्न किमतीचा नसून पाण्याचा असावा. कोठे धरणार, आणि काय धरणार? आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी ऊन. ट्राउटला ते मानवत नाही. ती मुळात आपल्या देशाची मासळीच नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनमधून काश्मिरात येऊन रुजली ती १९०० मध्ये. काश्मिरातून ती १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात गेली. निलगिरीच्या थंड ओढ्यांतही गेल्या शतकाच्या आरंभीच रेनबो ट्राउट सोडण्यात आली. अशा डोंगरी पाण्यासाठी चार किंवा पाच क्रमांक पुरतो. अगदी अरुंद ओढा असेल तर तीनही चालेल. महसीरचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. तो अंगापिंडाने मोठा, पाणी वेगाचे आणि माशीही मोठी. तेथे आठ किंवा नऊ हवा. दोन्हीसाठी एकच काठी मागणारे लोक भेटतात. त्यांना मी सांगतो की सायकलीवरून शेजारच्या गावी जाता येते आणि उसाची मोळीही आणता येते, पण साखर कारखान्यापर्यंत गाडाभर ऊस नेता येत नाही. शिकावयाचे असेल आणि हिमाचलातील ट्राउटचा बेत असेल तर डोळे मिटून नऊ फूट लांब, पाच क्रमांकाची, चार तुकड्यांची काठी घ्यावी. याच मापाच्या काठ्या सर्वांत अधिक खपतात, त्यामुळे स्वस्तात स्वस्त आणि निवडीला भरपूर त्याच असतात. मुठीच्या वर हे माप लिहिलेले असते. काही काठ्यांवर ‘९०५-४’ असा आकडा दिसेल. नऊ फूट शून्य इंच, पाच क्रमांक, चार तुकडे, असा तो वाचावयाचा.

आता किंमत. काठी महाग असते ती कशामुळे, हे कळल्यावाचून स्वस्त काठीची भीती जात नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

इंग्रजीत गळाने मासे धरण्यावर छापलेला पहिला ग्रंथ १४९६ मधला. परंपरेने तो डेम जुलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर आहे. त्यात दुकानातून काठी आणण्याचा उल्लेखच नाही. हिवाळ्याच्या तोंडाला हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेनची सोटासारखी फांदी तोडावी, भट्टीत शेकून सरळ करावी, महिनाभर वाळवावी, तापलेल्या सळईने आतून पोकळ करावी आणि शेंड्याची बारीक काठी त्या पोकळीत लपवून ठेवावी, असा विधी दिला आहे. म्हणजे हातात नुसती चालण्याची काठी दिसेल आणि आपण कोठे निघालो आहोत ते कोणाला कळणार नाही! पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही गरवायला निघताना शेजाऱ्यांच्या नजरेची चोरी वाटत होती, हे वाचून मला फार बरे वाटले.

पुढे लाकडाची जागा बांबूने घेतली. १८४० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपे नावाचा बंदुका करणारा कारागीर बांबूच्या चिरफळ्या तासून, त्या चिकटवून काठ्या करू लागला. सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवून षट्कोनी काठी करावयाची, ही त्यातली पक्की झालेली रीत. आणि ऐकून अभिमान वाटेल, या पहिल्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. त्याच्यावर जाळाने भाजल्याच्या खुणा असत. विसाव्या शतकात दक्षिण चीनमधल्या टाँकिन बांबूने त्याला मागे टाकले. त्याचे धागे अधिक दाट आणि पेरे लांब. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा तिकडच्या कारागिरांकडचा हा बांबूच आटला. पण तोवर काचतंतूची काठी आलेली होती. १९४६-४७ च्या सुमारास आर्थर हॉवल्ड यांच्या कृतीने शेक्सपिअर नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली होती. बांबूची काठी हाताने घडवावी लागे; काचतंतूची साच्यावर गुंडाळून भट्टीत भाजता येई. साधारण मिळकतीचा माणूस फ्लाय-फिशिंगला आला तो या काठीच्या बळावर. त्यानंतर कार्बनतंतू आले. इंग्लंडात फार्नबरो येथे विमानांच्या कामासाठी साठच्या दशकात ज्यावर संशोधन झाले, त्याच द्रव्याच्या काठ्या १९७३ च्या सुमारास विकू लागल्या. आज दुकानात दिसतात त्या बहुतेक याच.

सांगण्याचा मुद्दा हा की पूर्वी पैसा लागे तो कारागिराच्या हाताला. आज साधी कार्बन-काठी पूर्वेकडच्या कारखान्यांतून, विशेषतः चीन व दक्षिण कोरियातून, हजारोंनी निघते आणि तिचा आकार, निमुळतेपणा, वाकण्याची रीत ही सगळी वरच्या प्रतीच्या काठीवरूनच उतरविलेली असते. प्रसिद्ध अमेरिकन कारखान्यांची उंची काठी आज हजार डॉलरांच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. शिकाऊ माणसासाठी काठी, रीळ आणि दोरी असा सबंध संच दीडशे ते तीनशे डॉलरांत मिळतो. मग मधले सात-आठशे डॉलर जातात कोठे? काही हलकेपणाला जातात. नऊ फुटी काठी ८० ते ११० ग्रॅमपर्यंत भरते आणि तिचे शेवटचे वीस ग्रॅम उतरविण्याला फार खर्च येतो. काही मुठीच्या उत्तम बुचाला, वार्निशला, रिळाच्या बैठकीच्या लाकडाला. काही नावाला. आणि बराचसा हमीला. मोडली तर वर्षानुवर्षे तुकडा बदलून देऊ, अशी ती हमी असते. ती त्या देशात राहणाऱ्याला मोलाची. आपल्याला तुटका तुकडा परदेशी धाडावयाचा, त्याचे टपाल, नव्या तुकड्यावरची जकात, आणि तोवर हंगाम संपलेला! त्यापेक्षा येथे मिळणाऱ्या साध्या काठीचा एक जास्तीचा शेंडा मिळेल का, हे दुकानदाराला विचारणे अधिक व्यवहाराचे.

उंची काठीत काहीच नाही असे मात्र मी म्हणत नाही. वाऱ्यात सत्तर फूट दोरी नेमक्या जागी टाकणाऱ्याला तिचा फरक कळतो. पण आपण नवखे लोक. आपला मासा पंचवीस-तीस फुटांच्या आतच असतो, आणि तेथे ताठ, वेगवान काठी उलट अडचणीची होते. ती वाकावयाला वेळच देत नाही. जरा सावकाश, मध्यापर्यंत वाकणारी काठी नवख्याला आपल्या हाताची चूक समजावून सांगते. स्वस्त काठ्या बहुधा अशाच असतात. त्यांचा तो दोष म्हणून सांगितला जातो. मी त्याला गुण समजतो. काचतंतूची सहा-सात फुटी काठी कोणाकडे जुनी पडलेली असेल तर तीही ओढ्यासाठी उत्तम. जड खरी, पण धडपड सोसणारी.

म्हणून माझ्या त्या तरुण मित्राला मी हिशेब असा सांगतो. तुझ्याजवळ दहा रुपये आहेत असे समज. चार काठीला, तीन दोरीला, दीड रिळाला आणि उरलेले दीड नायलॉनचा निमुळता धागा, माश्या व डबी यांना. पुष्कळ लोक आठ रुपये काठीला घालतात आणि दोरीला चिल्लर ठेवतात. संचात येणारी दोरी बहुधा सर्वांत हलकी असते. ती कडक, वेटोळी धरणारी आणि लवकर तडकणारी निघते. साधी काठी चांगल्या दोरीने सुधारते, पण उंची काठीला वाईट दोरी सुधारता येत नाही. रिळाचा तर नवख्याने फारसा विचारच करू नये. ट्राउटच्या बाबतीत ते दोरी गुंडाळून ठेवावयाचे भांडे आहे. गुळगुळीत फिरावे आणि गंजू नये, एवढे पुरे. महसीरला मात्र ब्रेक चांगला असलेले रीळ लागते. तेथे हा हिशेब मोडावा लागेल.

दोरी घेताना वेष्टनावरची अक्षरे वाचा. ‘डब्ल्यू-एफ-५-एफ’ म्हणजे पुढच्या भागात वजन असलेली, पाच क्रमांकाची, तरंगणारी. ‘डी-टी’ असेल तर दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. काटकसरी माणसाने ही दुसरी घ्यावी असे माझे मत आहे. एक टोक झिजले की दोरी उलटी गुंडाळावी, दुसरे टोक कोरे करकरीत! शर्टाची कॉलर उलटविणाऱ्या आपल्या आईबापांना हे समजावून सांगावे लागले नसते. जवळच्या फेकीत दोन्ही प्रकारांत नवख्याला फरक जाणवत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दोरी कोमट साबणपाण्यात धुऊन मऊ फडक्याने पुसावी. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सांगतो. डास पळविण्याच्या काही मलमांत ‘डीट’ नावाचे द्रव्य असते. त्याने दोरीवरचे प्लॅस्टिक विरघळते. मलम लावलेल्या हाताने दोरी धरू नका.

आता दुकानात चला. काठी हातात दिली की लोक हवेत सळसळवून पाहतात आणि खूश होतात. त्यात काही कळत नाही. दोरीवाचून काठी हलविणे म्हणजे बैलावाचून गाडी पारखणे. अंगण किंवा मागची गल्ली असेल तर दोरी ओवून दोन-चार फेकी करू द्या, असे निःसंकोच म्हणावे. नाहीच म्हणाला तर निदान तुकडे जोडून घ्या. सांधा सहज बसला पाहिजे, पण हलविल्यावर टकटक वाजता कामा नये. मग बंदुकीचा नेम धरावा तशी बुंध्याकडून शेंड्याकडे नजर टाका. सगळ्या कड्या एका रेषेत दिसाव्यात. कड्या मोजा. जितके फूट लांबी, निदान तितक्या कड्या, आणि शेंड्याची वेगळी. खोट काढतात ती बहुधा येथेच. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला तर आत खर आहे. ती खर तुमची दोरी सोलून काढील. मुठीच्या बुचात भुसा आणि डिंक यांचे बुजविलेले खड्डे असतील, त्यांची पर्वा करू नका. मूठ ओबडधोबड असली म्हणून मासा रुसत नाही. शेंडा हातात धरून काठी वाकवून मात्र दाखवू नका आणि दुकानदारालाही दाखवू देऊ नका. कार्बन-काठी बुंध्याकडून वाकावयाला केलेली असते. शेंडा धरून वाकविली तर ती काचेसारखी मोडते.

जुनी काठी मिळाली तर याच कसोट्या लावाव्या, आणि शिवाय प्रत्येक तुकडा बोटांत हलके फिरवून बारीक भेग, चेपलेली जागा किंवा आखूड झालेला शेंडा शोधावा. तीर्थनच्या त्या पोराची काठी दोन ठिकाणी बांधलेली होती, तरी ती माझ्या नव्या काठीपेक्षा कामाची ठरली. कारण तिची आणि दोरीची सोयरीक जमलेली होती. माझी आठ क्रमांकाची काठी मी पुढे एका महसीरवाल्या गृहस्थाला पडत्या भावाने विकली. त्यांची ती आवडती झाली आहे असे ऐकतो. काठीचा काही गुन्हा नव्हता.

काठ्या मोडतात कोठे, याविषयी दोन शब्द. नदीवर फार थोड्या मोडतात. मोटारीच्या दारात मोडतात, खाटेखाली मोडतात आणि आपल्या देशात विशेषेकरून छताच्या पंख्यात मोडतात. घरात काठी जोडूच नये. सांध्यावर साध्या मेणबत्तीचा हात फिरवावा, म्हणजे तो झिजत नाही आणि फेकता फेकता सुटतही नाही. आणि एक गोष्ट विनोदाची नाही. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली नऊ फुटी काठी उभी धरून चालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अशाने माणसे गेली आहेत. पहाडी गावांतून नदीच्या वाटेवर तारा पुष्कळदा डोक्याच्या थोड्याच वर असतात. तेथे काठी आडवी, बुंधा पुढे करून न्यावी. आभाळ गडगडू लागले की तिला जमिनीवर निजवून आपण बाजूला व्हावे.

ज्याला एवढाही खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी जपानी लोकांची एक रीत आहे. तिला तेंकारा म्हणतात. रीळ नाही, कड्या नाहीत. एकात एक सरकणारी अकरा ते तेरा फुटी काठी आणि तिच्या शेंड्यालाच बांधलेली साधारण तेवढीच दोरी. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. बाहेरच्या जगात तिचा प्रसार झाला तो मुख्यतः २००९ नंतर. गंमत पाहा, १४९६ च्या त्या इंग्रजी ग्रंथातली काठीही अशीच, दोरी शेंड्याला बांधलेली. लहान ओढ्यावर तेंकारा अप्रतिम चालते आणि एकूण खर्च फारच कमी येतो. मात्र मोठा मासा लागला तर त्याला दोरी सोडता येत नाही. म्हणून महसीरच्या पाण्यात ती नेऊ नये. मासाही जाईल, काठीही जाईल.

आपल्यात शाकाहारी मंडळी बरीच आहेत आणि ती मघापासून माझ्याकडे कशा नजरेने बघत आहेत ते मला दिसते आहे. गळाचा काटा सपाट करून धरलेला मासा ओल्या हाताने पाण्यातच सोडणारे लोक आज पुष्कळ आहेत. माझा त्यांच्यात समावेश करावा. पण सोडावयाचा असो वा शिजवावयाचा, मत्स्यखात्याचा परवाना घेतल्याशिवाय दोरी पाण्यात टाकू नये. हिमाचलात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरण्यास बंदी असते. तो त्यांचा विणीचा काळ. काठी घेण्यास तेच महिने उत्तम, कारण शिकण्यासाठी नदी लागत नाही.

हे अनेकांना खरे वाटत नाही. तीस फूट मोकळी हिरवळ मिळाली की पुरे. सिमेंटवर मात्र फेकू नका, दोरी खरवडते. गळाऐवजी टोकाला लोकरीचा लाल गोंडा बांधावा. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणावा. काठी पुढे दहाच्या जागी, मागे एकच्या जागी, आणि मध्ये थांबावयाचे. हे थांबणेच कठीण. दोरी मागे पुरती उलगडेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि नवखा माणूस तेवढा धीर धरीत नाही. रोज वीस मिनिटे, असा महिना गेला की हात आपोआप थांबू लागतो.

माझा कारकून मित्र आज सभागृहात नाही. त्याने मागच्या पावसाळ्यानंतर काचतंतूची एक जुनी, पाच क्रमांकाची काठी मिळविली आणि नवी ‘डी-टी’ दोरी घेतली. दोहोंचा मिळून खर्च त्या दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या चौथाईहून कमी आला. कचेरी सुटल्यावर तो शाळेच्या मैदानावर लाल गोंडा फेकीत असतो. भोवती पोरे जमतात आणि “काका, इथं मासे कुठंयत?” म्हणून विचारतात. एप्रिलच्या सुट्टीत तो तीर्थनला गेला आहे. परवा त्याचे पत्र आले. मासा अजून मिळालेला नाही, पण दोरी पाण्यावर पडते आहे.